अंगणातील बलोपासना

हनुमान जयंतीच्या पहाटे वऱ्हाडातील गावागावांत मारुतीच्या मूर्तीवर नवा शेंदूर चढतो. रुईच्या पानांची माळ पडते, नारळ फुटतो, सुंठवडा वाटला जातो. देवळाच्या अंगाला लागून एक बसकी खोली असते. तिच्या दारावर पुसट अक्षरांत 'व्यायामशाळा' असे लिहिलेले असते. त्या दिवशी तिचेही कुलूप निघते. आतला हौदा मात्र दगडासारखा घट्ट झालेला असतो. कोपऱ्यात मुद्गलांची एक जोडी, कडी निखळलेला एक नाल आणि गणेशोत्सवाच्या मंडपाचे बांबू पडलेले असतात. पूजा होते, कुलूप पुन्हा लागते. बलाची देवता बाहेर आणि बलाची साधना कुलपात, अशी ही आजची स्थिती आहे.

अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटर अंतरावर, मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेले नांदगाव पेठ या दृष्टीने विचार करायला लावणारे गाव आहे. गेल्या दोन दशकांत या गावाचे रूप पालटले. औद्योगिक वसाहत वाढली, कापडाचे कारखाने आले, १३५० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी येथील 'पीएम मित्र' वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी झाली. पूर्वी वखर आणि डवरा हाकणारे हात आता यंत्राच्या कळा दाबतात. पाळीवरून परतलेला तरुण थकलेला असतो, पण त्याचा थकवा शेतावरच्या थकव्याहून निराळा असतो. एका जागी उभे राहून कंबर दुखते, डोळे जड होतात, आणि स्नायू मात्र दिवसभरात एकदाही पुरते ताणले गेलेले नसतात. जी गोष्ट कारखान्यातील कामगाराची तीच बँकेतील लिपिकाची, शिक्षकाची आणि दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याची. शरीराला भार उचलण्याचे प्रसंगच आयुष्यातून उठले आहेत. ते आता जाणीवपूर्वक निर्माण करावे लागतील, आणि त्यासाठी योग्य जागा आपले घर हीच आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

परंपरा कोठली आणि आपण कोठे?

ज्या अमरावतीच्या छायेत नांदगाव पेठ आहे, त्या अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एका साध्या आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर विख्यात झाला. हुतात्मा राजगुरू यांनी काही काळ याच आखाड्यात व्यायामाचे धडे गिरवले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या चमूने जर्मनीत जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली आणि आपली कबड्डी युरोपीय प्रेक्षकांसमोर नेली. मंडळाचे धुरीण प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. ज्या संस्थेची कीर्ती सातासमुद्रापार गेली, तिचा आरंभ थोडी माती, थोडी लाकडे आणि काही निश्चयी तरुण एवढ्याच भांडवलावर झाला होता. इमारती नंतर आल्या.

मध्यमवर्गीय कुटुंबांनी आणखी एक उदाहरण नित्य स्मरणात ठेवावे. लोकमान्य टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. पहिले वर्ष त्यांनी पुस्तके बाजूला ठेवून व्यायामाला वाहिले. जोर-बैठका, कुस्ती आणि पोहणे यांत ते वर्ष गेले आणि परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. आजचा पालक या वार्तेने हबकून जाईल. परंतु पुढे मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढून ज्या देहाने 'गीतारहस्य' सिद्ध केले, त्या देहाची पायाभरणी त्या 'वाया गेलेल्या' वर्षात झाली होती. मुलाने वर्ष गमवावे असे कोणी म्हणणार नाही. पण शिकवणी वर्गासाठी लाख रुपये मोजणारे घर त्याच मुलाच्या खांद्यांसाठी दोन-चार हजार खर्चण्यास का कचरते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न संघटनेतील कार्यकर्त्यांनी सर्वांत आधी स्वतःला विचारावयाचा आहे. १९२५ साली नागपुरात संघाचे कार्य सुरू झाले तेव्हा स्वयंसेवकांनी शहरातील व्यायामशाळांत जाऊन शरीर कमवावे अशी अपेक्षा होती. शरीरबल हा तेव्हा बौद्धिकाचा विषय नव्हता, ती रोजची कृती होती. शताब्दी पूर्ण झाल्यानंतर बलोपासनेवरील व्याख्याने उदंड झाली. परंतु व्याख्यान देणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला जिन्याचे दोन मजले चढताना धाप लागत असेल, तर त्या शब्दांना वजन कोठून येणार? शाखेतील तासाभराचे खेळ, सूर्यनमस्कार आणि दंड यांनी चापल्य येते, शिस्त येते, सांघिक वृत्ती बाणते. मात्र बल वाढवण्यासाठी क्रमाक्रमाने वाढता भार लागतो, आणि त्याची सोय मैदानावर सहसा नसते. ही उणीव मान्य केल्याने शाखेचे महत्त्व कमी होत नाही. शाखेतून घरी परतलेल्या स्वयंसेवकाने ती उणीव घरी भरून काढावी, एवढेच.

लोखंड परके, म्हणून काय झाले?

येथे एक आक्षेप हमखास येतो. आपल्याकडे जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब अशी संपन्न परंपरा असताना ही पाश्चात्त्यांची बारबेल आणि डंबेल कशासाठी?

आक्षेप घेणाऱ्यांनी आपलीच परंपरा नीट पाहिलेली नसते. वजन उचलणे हे भारताला नवे नाही. मध्ये पोकळी कोरून पकड ठेवलेला दगडी नाल, तालमीतील गुळगुळीत गोटी, गदा, खांद्यावर पेलावयाचा लाकडी संतोला ही सारी भारोत्तोलनाचीच साधने होत. शिवाय आपल्या व्यायामाचार्यांनी परकीय म्हणून ज्ञान कधी नाकारले नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. त्यांत देशी व्यायामाचा विस्तार आहेच, पण पाश्चात्त्य पद्धतींनाही स्थान आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जगभर प्रसार केला तो इंग्रजी ग्रंथ आणि चित्रे या आधुनिक साधनांचा आधार घेऊन. उत्तम ते घ्यावे आणि आपल्या मातीत रुजवावे, ही या मंडळींची दृष्टी होती.

लोखंडी वजनांचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. ते मोजता येते. नाल एकदा घडवला की तो तेवढ्याच वजनाचा राहतो. बारबेलवर अडीच किलो वाढवता येतात, उतरवता येतात. दक्षिण इटलीतील क्रोटोन या प्राचीन ग्रीक नगरीच्या मिलोची कथा प्रसिद्ध आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर घेई, वासरू वाढत गेले तसे त्याचे बळ वाढत गेले आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. कथा अतिशयोक्त असेल, परंतु तिच्यातील तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. शरीर थोड्या वाढीव भाराशी जुळवून घेते, मग आणखी थोडा भार द्यावा. मध्यमवर्गीयांना हे तत्त्व समजण्यास अवघड जाऊ नये, कारण आवर्ती ठेवीचा हिशेब याहून वेगळा नसतो. वीस किलोंनी बैठका सुरू करून दर आठवड्याला अडीच किलो वाढवले, तर सोळा आठवड्यांत चाळीस किलोंची भर पडते. चार महिन्यांपूर्वी वीस किलोंनी दमणारा तरुण साठ किलो खांद्यावर घेऊन बसतो आणि उठतो. पुढे ही गती मंदावते, हेही सांगितले पाहिजे. पण पहिल्या वर्षाची कमाई मोठी असते.

खर्चाचा हिशेब

शहरातील चकचकीत जिममध्ये जावे, घरी खटाटोप कशाला, असे म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. नांदगाव पेठहून अमरावतीत जाऊन येण्यास सुमारे चोवीस किलोमीटर पडतात. महिन्यातील पंचवीस दिवस म्हणजे सहाशे किलोमीटर. दुचाकी लिटरला पन्नास किलोमीटर धावली तरी बारा लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर असल्याने महिन्याला बाराशेहून अधिक आणि वर्षाला साडेचौदा-पंधरा हजार रुपये केवळ ये-जा करण्यात जातात. वर्गणी निराळी, आणि रोजचा तासभर महामार्गावरील अवजड वाहनांच्या गर्दीत जातो तो निराळाच. वर्ष संपल्यावर हाती काही उरत नाही. त्याच रकमेत घरी जे लोखंड येते ते मुलाला पुरते, नातवालाही पुरते. लोखंड शिळे होत नाही.

घरगुती व्यायामशाळेची उभारणी तीन टप्प्यांत करावी, म्हणजे खर्चाचा भार एकदम पडत नाही आणि उत्साह किती टिकतो याचीही परीक्षा होते.

पहिला टप्पा जवळजवळ बिनखर्चाचा आहे. वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये जितके लिटर पाणी तितके किलो वजन, इतका नेमका तराजू दुसरा नाही. आज दहा लिटर, पुढच्या आठवड्यात अकरा. पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात कोरडी वाळू भरली की साधारण आठ किलो होतात. सिमेंटच्या दुहेरी पोत्यात वाळू भरून तोंड घट्ट शिवले की तीस-चाळीस किलोंचे असे ओझे तयार होते, जे उराशी धरून उचलताना पाठ, पाय, पोट आणि मनगट या साऱ्यांची कसोटी लागते. बाजार समितीतील हमाल याच व्यायामावर आयुष्य काढतात आणि त्यांच्या पाठीचा हेवा वाटावा अशी ती असते. अंगणात निंबाची बळकट फांदी असेल तर ठीक, नाही तर दोन खांबांत एक इंची जीआय पाइप पक्का बसवावा. ओढून वर चढण्याच्या व्यायामाइतका खांद्यांना हितकर व्यायाम विरळा. तीन महिने एवढ्यावरच नियमित व्यायाम झाला, तरच पुढचा पैसा खर्च करावा.

दुसरा टप्पा गावातील वेल्डिंगच्या दुकानाचा. अठ्ठावीस मिलिमीटर जाडीची पोलादी गोल सळई घ्यावी. तिचे वजन काढण्याचे सूत्र बांधकामावरील प्रत्येक मिस्त्रीला पाठ असते. जाडीचा मिलिमीटरमधील वर्ग करून त्याला १६२ ने भागावे, म्हणजे दर मीटरचे किलो मिळतात. अठ्ठावीसचा वर्ग ७८४, भागाकार सुमारे ४.८४, म्हणजे दोन मीटरची सळई पावणेदहा किलोंच्या आसपास भरते. पोकळ पाइप या कामासाठी वापरू नये, तो वाकतो आणि वाकलेला पाइप मनगट मोडतो. भंगाराच्या दुकानात जुन्या यंत्रांची भोकांची चाके आणि चकत्या वजनावर मिळतात. घासून, रंगवून, काट्यावर तोलून प्रत्येकीवर तिचे वजन लिहावे. तेही न जमले तर काँक्रीट आहेच. दहा लिटरच्या घमेल्याएवढे काँक्रीट सुमारे चोवीस किलो भरते. गोल साच्यात मध्यभागी पाइपचा तुकडा ठेवून ते ओतावे आणि सात-आठ दिवस पाणी मारून पक्के करावे. वेल्डरकडून लोखंडी अँगलच्या दोन घोड्या करून घ्याव्यात. वजन हातून सुटले तर ते अडवणारे आडवे दांडेही त्यांना खालच्या बाजूस जोडून घ्यावेत. या दांड्यांवर पैसा वाचवू नये. सगळ्या साहित्यात प्राण वाचवणारी वस्तू हीच आहे.

तिसरा टप्पा खऱ्या बारबेलचा. स्पर्धेत पुरुषांसाठी वीस किलोंची आणि महिलांसाठी पंधरा किलोंची बार असते. तिची टोके स्वतंत्रपणे फिरतात, म्हणून झटक्यात वजन उचलताना मनगटावर पीळ पडत नाही. मेरठ आणि जालंधर या गावांत हे साहित्य मोठ्या प्रमाणावर बनते आणि देशभर जाते. बार नवी घ्यावी, प्लेट जुन्या चालतात. बंद पडलेल्या व्यायामशाळांचे साहित्य अनेकदा अल्प किमतीत विकले जाते, त्यावर लक्ष ठेवावे.

जागा किती? आठ बाय आठ फूट पुरते. मात्र ती तळमजल्यावर असावी. स्लॅबवर वजने आपटणे हा शेजाऱ्यांशी वैराचा आणि घराशी द्रोहाचा मार्ग आहे. शहाबादी फरशी पहिल्याच आठवड्यात तडकते, म्हणून खाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा रबर अंथरावा किंवा सरळ मातीवरच उचलावे. वर पत्रा असेल तर वऱ्हाडी उन्हाळ्याचे भान ठेवावे. वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दुपारी लोखंडाला हात लागत नाही. तेथे ब्राह्ममुहूर्ताला पर्याय नाही, आणि जुन्या तालमी पहाटे का भरत याचे उत्तरही त्यात आहे.

बळ, आरसा आणि सुई

साहित्य जमवणे सोपे, साधना अवघड. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड, तासभर पुरे. वजन घेऊन बैठक, जमिनीवरून उचल, डोक्यावर पेलणे आणि दांड्याला लोंबकळून स्वतःला वर ओढणे, या चार क्रियांत सारे शरीर येते. प्रत्येकीचे पाच-पाच आवृत्त्यांचे तीन फेरे करावेत आणि एक वही ठेवावी. वही लिहिणारा पुढे जातो, आठवणीवर विसंबणारा महिनाभरात थांबतो. पहिले काही दिवस जाणत्या प्रशिक्षकाकडून पाठीची ठेवण शिकून घ्यावी. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था हाकेच्या अंतरावर असताना चुकीचे शिकण्याचे कारण नाही. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी वैद्याचा सल्ला घ्यावा. छातीवर वजन पेलण्याचा व्यायाम घरात कोणी नसताना करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. साठीपुढच्यांसाठी तर तो अधिक मोलाचा आहे, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात आणि न्हाणीघरातील एका घसरणीने माणूस अंथरूण धरतो. मुलांची उंची वजनांमुळे खुंटते ही समजूत निराधार आहे. मात्र त्यांना हलकी वजने आणि मोठ्यांची देखरेख हवी.

खाण्याचा बाऊ करू नये. भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोंच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने रोज लागतात, आणि कसरत करणाऱ्याला त्याहून काही अधिक. दोनशे ग्रॅम ज्वारी, पन्नास ग्रॅम तूर डाळ, पन्नास ग्रॅम फुटाणे, पन्नास ग्रॅम शेंगदाणे आणि अर्धा लिटर दूध यांतून ढोबळमानाने पासष्ट ते सत्तर ग्रॅम प्रथिने मिळतात. ही सारी वऱ्हाडच्या घरात आणि वावरात असलेली चीजवस्तू. हजारो रुपयांचे परदेशी भुकटीचे डबे मध्यमवर्गीय घराने आणावेत असे त्यांत काही नाही.

भुकटीच्या पुढची पायरी सुईची आहे, आणि तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. तीन महिन्यांत फुगलेले दंड आरशात पाहण्याच्या हव्यासापोटी तरुण मुले संप्रेरकांच्या इंजेक्शनांच्या नादी लागतात. त्याचे मोल यकृत, हृदय आणि वंध्यत्व या रूपाने चुकवावे लागते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताच्या दोन महिला भारोत्तोलक उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या आणि देशाची मान खाली गेली. बळ कमावणे आणि बळाचे सोंग आणणे यांतील भेद घरात शिकवावा लागतो. अंगणातील व्यायामशाळेचा मोठा लाभ हाच की मुलगा आईवडिलांच्या डोळ्यांसमोर असतो. त्याच्या पिशवीत काय आहे आणि त्याच्या मनात काय चालले आहे, हे कळण्याची शक्यता तेथे अधिक.

दार उघडे असावे

आतापर्यंतचे विवेचन मुलांपुरते वाटले असेल तर ती चूक वेळीच दुरुस्त केली पाहिजे. २००० साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरी यांनी भारोत्तोलनात कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मणिपूरच्या खेड्यात डोंगरावरून सरपणाच्या मोळ्या वाहणाऱ्या मीराबाई चानू यांनी २०२१ मध्ये टोकियोत ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक पटकावले. त्यांत एकदा त्यांनी स्वतःच्या दुपटीहून अधिक, म्हणजे ११५ किलो डोक्यावर पेलले. आपल्याच महाराष्ट्रात मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात जय भवानी व्यायामशाळेतून सामान्य घरांतील मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचल्या. शक्तीची देवता आपण स्त्रीरूपात पुजतो. अमरावतीच्या अंबादेवीसमोर नवरात्रात लाखो हात जोडले जातात. मग घरातील मुलीने बारबेलला हात घातला की 'हे आपल्याला शोभत नाही' असे म्हणणारी आजी किंवा काका त्या देवीला काय उत्तर देणार? मुलीच्या सुरक्षिततेची चिंता वाहणाऱ्या प्रत्येक घराने तिचे खांदे आणि पाय बळकट करणे हा त्या चिंतेवरील पहिला उपाय मानावा.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. घरातील व्यायामशाळेत एक धोका दडलेला आहे. आखाडा ही सामाजिक संस्था होती. तेथे पाटलाचा मुलगा आणि बलुतेदाराचा मुलगा एकाच मातीत लोळत, एकमेकांच्या अंगाला तीच माती फासत आणि एकाच वस्तादाच्या पाया पडत. अर्थात प्रत्येक गावात असे घडत होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. अनेक आखाड्यांची दारे अनेकांना बंदच होती, आणि हिंदू समाजाला बलहीन करणाऱ्या कारणांत या बंद दारांचा वाटा परकीय आक्रमकांइतकाच मोठा आहे. घरातील व्यायामशाळा म्हणजे आणखी एक बंद दार होणार असेल, तर तिच्यातून दंड फुगतील, समाज सबळ होणार नाही.

म्हणून अंगणातील ही साधना खुली असावी. आपल्याकडे दोन घोड्या आणि साठ किलो लोखंड झाले की गल्लीतील दोन मुलांना बोलवावे, त्यांची जात आणि त्यांच्या वडिलांचा पगार न विचारता. पाळीवरून येणाऱ्या परप्रांतीय कामगाराच्या मुलालाही बोलवावे. असे पाच-सात जण जमले की अंगण अपुरे पडेल. तेव्हा मारुतीच्या देवळाशेजारील त्या खोलीची किल्ली ग्रामपंचायतीकडे मागावी, मंडपाचे बांबू बाहेर काढावेत आणि हौदा खणावा. वैद्य बंधूंनी १९१४ साली याहून निराळे काही केले नव्हते.

याच महामार्गावर पुढे गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामोद्धाराचे स्वप्न तेथून पाहिले आणि ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याचा स्वतंत्र विचार मांडला. दुसरीकडे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा शासनाच्या मदतीची वाट पाहून भागले नाही. गावाने वर्गणी काढली, कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. ज्या समाजात एक गुरू शिष्याच्या बळासाठी घर गहाण ठेवतो, त्या समाजातील बापाने मुलासाठी आणि मुलीसाठी अंगणातील आठ फूट जागा मोकळी करावी, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

पुढच्या हनुमान जयंतीला शेंदूर लागेल, नारळ फुटेल, सुंठवडाही वाटला जाईल. त्या दिवशी व्यायामशाळेचे कुलूप काढावे लागू नये. ते आदल्या दिवशीही उघडेच असावे आणि दुसऱ्या दिवशीही. मारुतीला याहून प्रिय असा दुसरा नैवेद्य नाही.